घोडबंदरचा किल्ला आणि ताटातला बटाटा

१७३७ साली मराठ्यांनी घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. सत्ता गेली, त्यांनी आणलेला ‘बटाटा’ हा शब्द मात्र मराठीत कायमचा राहिला.

इंग्रजांच्या ‘शेफर्ड्स पाय’मध्ये मटणाच्या खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन तो भट्टीत भाजतात. साष्टीतील ईस्ट इंडियन घरांत ‘पोटॅटो चॉप’ होतो. त्यात हीच रचना उलटते: खिमा आत, बटाटा बाहेर, वर रवा आणि भट्टीऐवजी तवा. चवीला उन्हाळ्यात कुटून ठेवलेला बाटली मसाला.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्वीकारले. घरातली बोली मात्र मराठीचीच राहिली.

किल्ल्यांच्या लढाया कागदोपत्री सापडतात. मसाल्याचे प्रमाण बहुधा आजीच्या हातातच असते. ते एकदा विचारून लिहून घ्या. तोही साष्टीच्या इतिहासाचा दस्तऐवजच आहे.