किरणांचे उशिरा उमटणारे व्रण

१८९५ साली विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि अल्पावधीतच ते कर्करोगाच्या गाठींवर वापरले जाऊ लागले. त्वचेवरचा व्रण लवकर दिसे. धमन्यांमधला दिसत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदय या किरणांना बधत नाही, असाच समज होता. उपचारांनंतर रुग्ण दीर्घकाळ जगू लागले, तेव्हा तो समज ढासळला.

किरणांमुळे धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, दाह रेंगाळतो, भित्तिकेत मेद साचतो आणि तंतुमय ऊती वाढते. मोठ्या धमन्यांच्या भित्तिकांना पोसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही बुजतात. मार्ग अरुंद होत जातो. पण त्याला अनेक वर्षे लागतात.

स्तनांच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या स्वीडन व डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेतील प्रत्येक ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. निर्धोक अशी किमान मात्रा दिसली नाही.

भारतात तंबाखूमुळे मुखाचे व घशाचे कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतात. त्यांच्या उपचारात मानेतील कॅरोटिड धमनी किरणांच्या वाटेत येते आणि पुढे पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून किरणोपचार टाळावेत असे नव्हे. त्यांनी प्राण वाचतात. वाचलेल्या रुग्णाच्या धमन्यांवर पुढेही लक्ष ठेवणे, हा त्याच उपचाराचा उत्तरार्ध होय.