मालावरची मोहोर आणि बंदरावरचा पहारा

वसईचे नाव निघाले की चिमाजीअप्पांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. सन १७३९ च्या मे महिन्यात वसईचा कोट मराठ्यांच्या हाती आला आणि त्या विजयाची कथा घरोघर पोहोचली. परंतु लढाया वर्षा-दोन वर्षांत संपतात. व्यापार मात्र शतकानुशतके चालतो. वसई, सोपारे, आगाशी हा किनारा तरवारीपेक्षा तराजूनेच अधिक काळ ओळखला गेलेला आहे. आणि जेथे परदेशचा माल उतरतो, तेथे दोन प्रश्न हटकून उभे राहतात. या मालाबद्दल सरकारात भरणा किती करावयाचा, हा पहिला. हा माल ज्या नावाने आला आहे त्याच नावाचा खरोखर आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. दुसऱ्याचा इतिहास तितकाच जुना असून गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे.

सोपाऱ्याची प्राचीनता सांगावयास दोनच साक्षी पुरेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वर्णनात, भडोचच्या दक्षिणेकडील बाजारपेठांत सोपाऱ्याचे नाव आले आहे. दुसरी साक्ष सन १८८२ ची. त्या वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारे येथील बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन केले व तेथे बौद्ध स्तूप उघडकीस आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना गावात सापडला. सम्राटाने आपली आज्ञा दगडावर कोरवावी एवढे महत्त्व ज्या गावास होते, ते केवळ कोळ्यांचे खेडे नव्हते, हे उघड आहे.

प्राचीन भारतात जकातनाका कसा चालावा याचे चित्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. त्याच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत, आणि त्यातील नियम प्रत्येक बंदरात जसेच्या तसे चालले असेही त्यावरून ठरत नाही. परंतु त्या काळची दृष्टी त्यावरून कळते. नगराच्या महाद्वारापाशी शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि तेथील चार-पाच अधिकाऱ्यांनी येणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे, गाव, मालाचे परिमाण आणि मालावर ओळखीची मोहोर प्रथम कोठे उठविली गेली हे सर्व लिहून घ्यावे, असे तो ग्रंथ सांगतो. मालावर मोहोर नसेल तर देण्याच्या दुप्पट दंड. आणि मोहोर खोटी असेल तर शुल्काच्या आठपट! मोहोर नसण्यापेक्षा खोटी मोहोर असणे हा चौपट मोठा अपराध मानला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो खूण करीत नाही तो निष्काळजी असेल. पण जो दुसऱ्याची खूण उठवितो तो फसविण्याच्या बुद्धीनेच ते करतो, हा भेद त्या शास्त्रकाराने ओळखला होता. मात्र ती मोहोर राजाची होती. तिच्या रक्षणात राजाचा खजिना रक्षिला जाई. माल घडविणाऱ्या कारागिराचा विचार त्यात नव्हता.

पोर्तुगीज अमलातही हीच रीत वेगळ्या रूपाने चालली. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहात एक कलम असे होते की, गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी आधी वसईस येऊन परवाना घ्यावा आणि परततानाही वसईसच येऊन जकात भरावी. या परवान्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसलेले गलबत समुद्रात पकडले जाई. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही आपल्या दस्तकाचा असाच आग्रह धरला. या पद्धतीत गलबत कोणाचे आणि कोठे जाणार याची चौकशी कडक होती; पण आतील माल अस्सल की नकली, याची फिकीर परवाना देणाऱ्यास नव्हती.

जकातीचा उपयोग आपल्या मुलखातील उत्पादकाच्या रक्षणासाठी करता येतो, ही दृष्टी छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्रात स्पष्ट दिसते. बारदेशातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडेल हे ओळखून १६७१ साली त्यांनी कुडाळ प्रांताच्या सरसुभेदारास त्या मिठावर भारी जकात बसविण्याची आज्ञा केली. येथे रक्षण आहे, पण ते स्वस्त मालापासून. बारदेशचे मीठ बारदेशचे म्हणूनच येत होते. त्याने कोणाचे नाव चोरले नव्हते. नाव चोरून येणाऱ्या मालाचा प्रश्न निराळा, आणि तो तीव्र झाला यंत्रयुगात.

एकोणिसाव्या शतकात वसईचे वैभव ओसरून परदेशी व्यापार मुंबईच्या बंदरात एकवटला. मँचेस्टरच्या कापडाची थाने तेथे उतरत, आणि प्रत्येक थानावर रंगीत चित्राचे तिकीट चिकटविलेले असे. देवादिकांची, हत्ती-घोड्यांची, राजेरजवाड्यांची ती चित्रे केवळ शोभेची नव्हती. खेड्यातील गिऱ्हाइकास इंग्रजी अक्षर वाचता येत नसे. ते छाप ओळखून कापड मागे. म्हणजे छाप हाच व्यापाऱ्याचा शब्द होता. तो शब्द दुसऱ्याने चोरला की गिऱ्हाईक हलका माल घरी नेई आणि बोल मात्र मूळ व्यापाऱ्यास लागे.

यावर १८८९ साली हिंदुस्थानात व्यापारी मालावरील चिन्हांचा कायदा झाला आणि १८७८ च्या सागरी जकातीच्या कायद्याचे अठरावे कलम त्याने विस्तृत केले. खोटे व्यापारचिन्ह किंवा खोटे वर्णन असलेला माल देशात आणण्यास मनाई झाली. वारावर विकल्या जाणाऱ्या कापडाच्या थानावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांनी छापलेली असलीच पाहिजे, असेही बंधन आले. शिवाय विलायतेबाहेर व ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर तयार झालेल्या मालावर तेथील एखाद्या व्यापाऱ्याचे नाव असेल, तर तो माल कोणत्या देशात बनला हे स्पष्ट लिहावे लागे. या नियमाचे मूळ इंग्लंडच्या १८८७ च्या कायद्यात होते. शेफील्डच्या कारखानदारांची नावे घालून जर्मनीतून येणाऱ्या चाकू-कात्र्यांना आळा घालणे हा त्याचा एक हेतू होता. तेव्हा हा पहारा प्रथम उभा राहिला तो मुख्यतः विलायती कारखानदाराच्या सोयीसाठी, हे खरे. परंतु थानावरील वारांचा आकडा वसईच्या बाजारातील शिंप्याच्याही उपयोगी पडला, हेही तितकेच खरे. देशात चिन्हांची सरकारी नोंदणी सुरू होण्यास मात्र १९४० च्या ट्रेडमार्क कायद्याची वाट पाहावी लागली. तोवर मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ आपल्या सभासदांच्या चिन्हांची नोंद स्वतःच ठेवीत असे.

ग्रंथांच्या बाबतीत १९१४ च्या कायद्याने एक महत्त्वाचे तत्त्व आणले. ग्रंथाच्या स्वामित्वाचा भंग करून परदेशी छापलेल्या प्रती येथे येऊ नयेत अशी ज्याची इच्छा असेल, त्या स्वामीने जकातखात्याच्या मुख्य अधिकाऱ्यास लेखी सूचना द्यावी. सूचना आली की त्या प्रती निषिद्ध मालात गणल्या जातील. म्हणजे पहारेकरी सरकारचा, परंतु चोर कोण हे दाखविण्याचे काम धन्याचे. हे तत्त्व आजतागायत टिकून आहे, आणि सगळ्या विषयाची किल्ली तेथेच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि १९६२ चा सीमाशुल्क कायदा झाला. जुन्या सागरी जकातीस आता सीमाशुल्क हे नाव मिळाले. कायद्यातील ‘आयात’ या शब्दाचा अर्थ किती व्यापक आहे, हे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सिंगापूरहून नेपाळकडे निघालेल्या नकली गाण्यांच्या कॅसेटी कलकत्त्याच्या गोदीत उतरल्या होत्या. माल हिंदुस्थानात विकावयाचा नाही, केवळ वाटेने जात आहे, असा बचाव करण्यात आला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्णय दिला की, बाहेरून देशात आणणे म्हणजेच आयात. माल येथे विकला जावो वा पुढे जावो. चोरीचा माल अंगणातून नेण्यासही वाट मागता येत नाही, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या कराराने सर्वच सभासद देशांवर सरहद्दीवरील पहाऱ्याची जबाबदारी आली, आणि ८ मे २००७ रोजी भारत सरकारने त्यासाठी स्वतंत्र नियम जारी केले. चिन्हाचा वा ग्रंथाचा स्वामी सीमाशुल्क आयुक्तांकडे सूचना नोंदवितो, २,००० रुपये शुल्क भरतो आणि जामीनपत्र लिहून देतो. आपली तक्रार खोटी ठरल्यास आयात करणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची हमी त्यात असते. संशयित माल आला की अधिकारी तो अडवून दोन्ही पक्षांस कळवितो. स्वामीने दहा कामाच्या दिवसांत चौकशीत सामील झाले पाहिजे. आणखी दहा दिवसांची मुदत मिळू शकते. तो आला नाही तर माल सोडून द्यावा लागतो. माल नकली ठरला तर तो सरकारी देखरेखीखाली नष्ट करतात किंवा नेहमीच्या बाजाराबाहेर त्याची विल्हेवाट लावतात. प्रवाशाच्या सामानातील घरगुती उपयोगाच्या किरकोळ वस्तूंना हे नियम लागू नाहीत.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या असणे इष्टच आहे. जकातीचा अधिकारी द्वारपाल आहे, न्यायाधीश नव्हे. छापाचा खोटेपणा नमुना शेजारी ठेवला असता डोळ्यांना दिसतो. परंतु यंत्राच्या पोटात कोणाचा शोध दडला आहे हे पेटी उघडून ठरविता येत नाही. आरंभी शोधांचे हक्कही, म्हणजे पेटंटही, या नियमांत होते. २०१८ साली ते वगळण्यात आले. तसेच अस्सल माल दुसऱ्या देशातून विकत आणला, म्हणून तो नकली होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली हाच भेद मान्य केला. नावाचे रक्षण करावयाचे, ते गिऱ्हाइकाची फसवणूक टळावी म्हणून. मोठ्या व्यापाऱ्यास मनमानी भाव घेता यावा म्हणून नव्हे.

आता या सर्वांचा वसई-विरारशी आणि पालघर जिल्ह्याशी आज काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांची दाटी आहे. तेथील कारखानदाराचे भांडवल थोडे, पण वर्षानुवर्षे चोख माल देऊन मिळविलेले नाव हे त्याचे खरे धन. दुसरीकडे, वारली चित्रकलेस २०१४ साली आणि डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक ओळखीची नोंदणी मिळाली आहे, आणि २००७ च्या नियमांत हा हक्कही अंतर्भूत आहे. उद्या परदेशी यंत्रावर छापलेले कापड ‘वारली’ या नावाने बंदरात उतरले, तर ते अडविण्याची सोय कायद्यात आहे. परंतु सूचना कोण देणार? जामीनपत्र कोण लिहून देणार? दहा दिवसांच्या आत बंदरावर हजर कोण राहणार? इतकेच नव्हे, तर नकली माल नष्ट करण्याचा आणि तोवर तो गोदीत ठेवल्याचा खर्चही नियमाप्रमाणे स्वामीनेच सोसावयाचा असतो. मोठ्या परदेशी कंपनीचा वकील हे सर्व एका दिवसात करतो. शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या स्त्रीस त्या कचेरीचा पत्ताही ठाऊक नसतो. कायदा दोघांस सारखाच खुला आहे, पण दारापर्यंतची वाट सारखी नाही. ही उणीव कारागिरांच्या संस्थांनी, सहकारी संघांनी आणि उद्योजकांच्या मंडळांनी एकत्र येऊन भरून काढावयाची आहे. गिरणीमालकांच्या संघाने सरकारी नोंदणीची वाट न पाहता आपली चिन्हे लिहून ठेवली, हे उदाहरण मुंबईचेच आहे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. डहाणू तालुक्यात वाढवण येथे मोठे बंदर बांधण्यास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची कोनशिला बसविण्यात आली. आपल्या उपजीविकेच्या काळजीने किनाऱ्यावरील मच्छीमारांनी त्यास विरोध केला आहे आणि तो प्रश्न स्वतंत्र विचाराचा आहे. परंतु ते बंदर पुरे झाले म्हणजे परदेशी मालाचे महाद्वार पुन्हा याच किनाऱ्यावर उघडेल. अर्थशास्त्राच्या शुल्कशाळेत राजाची मोहोर पाहिली जात होती. मुंबईच्या गोदीत विलायती व्यापाऱ्याची पाहिली गेली. नव्या बंदरात घोलवडच्या बागाईतदाराची आणि वारली पाड्यातील कलावंताची खूणही पाहिली जावी, अशी इच्छा असेल, तर ती खूण पहारेकऱ्याच्या वहीत आधी लिहिली गेली पाहिजे. वहीत जे नाव नाही, त्याच्यासाठी द्वारपाल कोणास अडवीत नाही.