मुद्रणपूर्व तयारी : छपाई व फलक

डिझाइन मंजूर झाल्यापासून ते यंत्रावर चढेपर्यंत त्याच्या फाइलीवर करावी लागणारी तांत्रिक कामे. व्यवसायात यास ‘प्रीप्रेस’ म्हणतात. माप, रंग, चित्रांची स्पष्टता, फाँट आणि पृष्ठांची मांडणी निश्चित करणे ही त्यातील प्रमुख अंगे होत. प्रस्तुत नोंदीत ऑफसेट छपाई, फ्लेक्स व दुकानांचे फलक यांचा, विशेषतः मराठी मजकुराच्या दृष्टीने, विचार केला आहे.

इतिहास : रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड हाताने सिद्ध करावा लागे. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील देवादिकांची चित्रे या पद्धतीने छापली गेली. ऑफसेटच्या काळात ब्रोमाइडवरील मजकूर कापून चिकटवणे, त्यावरून फिल्म व फिल्मवरून प्लेट काढणे असा क्रम होता. संगणकीय अक्षरजुळणीमुळे चिकटकाम संपले आणि संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्यावर फिल्मही मागे पडली. चुका दिसण्याचे मधले टप्पे त्याबरोबर कमी झाले आणि फाइल तपासण्याचे महत्त्व वाढले.

मापे व पृष्ठमांडणी : कडेपर्यंत जाणारा रंग वा चित्र कापणीच्या रेषेबाहेर सामान्यतः ३ मिमी. वाढवतात (ब्लीड). कापणी किंचित सरकली तरी पांढरी रेघ राहत नाही. मजकूर रेषेच्या आत किमान ५ मिमी. ठेवणे सुरक्षित असते. पुस्तकाचा फॉर्मा (एकत्र छापून दुमडला जाणारा कागद) बहुधा १६ पृष्ठांचा असतो. त्याच्या मांडणीत पहिल्या पृष्ठाशेजारी सोळावे, आठव्याशेजारी नववे येते. शेजारील क्रमांकांची बेरीज १७ भरते. मधोमध पिना मारलेल्या जाड अंकात आतली पाने बाहेर सरकतात, म्हणून त्यांचा समास थोडा बदलावा लागतो.

रंग : पडद्यावरील रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे असतात. छपाईत ते निळसर, गुलाबी, पिवळी व काळी या चार शायांतून साधतात, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा केशरी कागदावर उतरत नाही. बारीक काळा मजकूर फक्त १०० टक्के काळ्या शाईत ठेवावा. चार शायांत तो विभागला आणि रजिस्टर (शायांची एकमेकींवरील जुळणी) केसभर हलले, तर अनुस्वार व रफार रंगीत सावलीसह छापले जातात. चारही शायांची एकत्रित टक्केवारी गुळगुळीत कागदावर साधारण ३०० ते ३३०, तर वृत्तपत्री कागदावर २४० च्या आसपास ठेवतात; अधिक शाई वाळत नाही, मागच्या पानाला लागते. रंगरूपांतर डिझाइनरने करावे की छापखान्याने, याबाबत प्रघात सारखे नाहीत.

चित्रे : इंचाला दीडशे रेषांच्या ठिपक्यांच्या जाळीसाठी छापायच्या आकारात इंचाला ३०० बिंदू पुरेसे मानतात. मोबाइलवरील संदेशातून आलेले छायाचित्र आक्रसलेले असते. मूळ फाइल मागवावी.

मराठी मजकूर : मराठी कामात सर्वाधिक दोष येथे उद्भवतात. युनिकोडपूर्व फाँटांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. असा फाँट छापखान्यात नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे येतात. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरी कित्येक प्रकाशकांकडील जुने साहित्य आजही आधीच्या फाँटांत आहे. ते युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व इकार चुकीच्या व्यंजनाला लागणे, रफार सरकणे, जोडाक्षर हलन्त होऊन फुटणे हे नेहमीचे दोष. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व इकार व्यंजनाआधी टंकित होई, युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवला जातो. रफाराचा क्रमही असाच उलटा असतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद रूपांतरात पुसला गेला तर अर्थच बदलतो, आणि शब्द दोन्ही खरे असल्याने शुद्धलेखन तपासणारी प्रणाली तो पकडत नाही. शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी ‘ल’ व ‘श’ यांची रूपे निश्चित केली. अनेक फाँटांत ती असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच दिसतात. पृष्ठमांडणीच्या प्रणालीत भारतीय लिप्यांची जुळणी सुरू नसेल तर जोडाक्षरे सुटी पडतात. वर-खाली मात्रा असल्याने ओळींतील अंतर रोमनपेक्षा अधिक द्यावे लागते.

अंतिम फाइल फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफमध्ये द्यावी. आयएसओ १५९३० हे त्यासाठीचे मानक होय. मजकुराचे रेखांतर करून (अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करून) पाठवण्याचा सल्ला काही छापखाने देतात. त्याने फाँटची अडचण मिटते, परंतु दुरुस्तीची सोय जाते आणि लहान अक्षरे किंचित जाड छापली जाण्याची शक्यता असते.

फलक : फ्लेक्सची फाइल मोठ्या आकारांत एक दशांश प्रमाणात करतात, प्रत्यक्ष आकारात इंचाला ७२ ते १०० बिंदू पुरतात. रिंगा व दुमड यांसाठी कडेला जागा सोडावी. व्हिनाइल कापताना शेजारील अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या आधी एकजीव केल्या नाहीत, तर पाते प्रत्येक सांध्यावर चिरा पाडते. अॅक्रिलिक किंवा धातूच्या अक्षरांत शिरोरेषेमुळे अखंड शब्द एक तुकडा होतो. अनुस्वार व चंद्रबिंदू मात्र सुटे राहतात, त्यांची जागा दाखवणारा आराखडा सोबत द्यावा लागतो. वाचनीयतेसाठी दहा फुटांना एक इंच उंची हा ढोबळ आडाखा आहे. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी, मात्रांसह नव्हे.

कायदा : दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रात कामगारसंख्या कितीही असली तरी नामफलक मराठी देवनागरीत असणे बंधनकारक आहे, मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत. निवडणूक भित्तिपत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ (कलम १२७ अ) अन्वये आवश्यक आहे.

अन्य पद्धती : ग्रॅव्ह्युअर, फ्लेक्सोग्राफी व स्क्रीन छपाई यांचे निकष वेगळे आहेत.

तपासणी : मूळ मजकुराचे मुद्रितशोधन झाले म्हणजे काम संपत नाही, कारण रूपांतराचे व जुळणीचे दोष त्यानंतर शिरतात. प्लेट निघाल्यावर एक रफार सुधारायचा तरी नवी प्लेट काढावी लागते. म्हणून शेवटचे वाचन अंतिम पीडीएफच्या कागदी प्रतीवर, मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने करावे, आणि तिची सही झाल्याशिवाय काम छपाईला सोडू नये.