गॅरंटी आणि वॉरंटी

मिक्सर घेताना दुकानदार ‘दोन वर्षांची गॅरंटी’ सांगतो आणि कार्डावर छापलेली असते वॉरंटी. फसवणूक म्हणावी, तर दोन्ही शब्द मुळात एकच. जुना जर्मानिक शब्द फ्रान्समध्ये शिरला, तेव्हा उत्तरेकडच्या नॉर्मनांनी त्यातला ‘व’ राखला. पॅरिसकडच्यांनी ‘ग’ केला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमला फ्रेंच लोक आजही ‘गियोम’च म्हणतात! नॉर्मनांबरोबर ‘व’वाले रूप इंग्रजीत आधी आले, ‘ग’वाले मागाहून. वॉर्डन आणि गार्डियन ही जोडीही अशीच जमली.

पुढे कायद्याने या भावंडांच्या वाटण्या केल्या. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे जामीनकी: तिसऱ्याने पैसे बुडवले तर मी भरीन. बँक गॅरंटी त्यातलीच. १९३० च्या मालविक्री कायद्यातली वॉरंटी दुय्यम अट आहे. ती मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. गॅरंटीत वस्तू बदलून, वॉरंटीत फक्त दुरुस्ती, ही फोड दुकानांतली. या दोन्ही कायद्यांत ती शोधून सापडणार नाही. तेव्हा कार्डाचे शीर्षक सोडा, खालचा बारीक मजकूर वाचा.