‘क्षत्रप’ म्हणजे कोण?

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ हे शब्द वारंवार वाचावयास मिळतात. ‘क्षत्रप’ हे ‘छत्रपती’चेच एखादे रूप असावे, असे पुष्कळजणींना वाटते. परंतु दोन्ही शब्द अगदी निराळे. छत्रपती म्हणजे ज्याच्या मस्तकी स्वतःचे छत्र आहे असा स्वतंत्र राजा. क्षत्रप हा मुळात दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा.

ही पदवी इराणातली. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट पहिला दारियस याने बेहिस्तूनच्या डोंगरावर लेख कोरविला. त्यात त्याच्या प्रांताधिकाऱ्यांना ही पदवी लाविलेली आहे. जुनी इराणी भाषा म्हणजे संस्कृतची बहीणच. ‘क्षत्र’ म्हणजे राज्य आणि ‘प’ म्हणजे पालन करणारा. आपल्या ‘नृप’, ‘भूप’, ‘गोप’ या शब्दांतला ‘प’ तोच. तेव्हा क्षत्रप हा राज्याचा राखणदार, धनी नव्हे.

पुढे शकांबरोबर ही पदवी हिंदुस्थानात आली आणि राखणदारच धनी झाले. क्षहरात कुळातील नहपान आधी क्षत्रप आणि मग महाक्षत्रप म्हणवू लागला. नाण्यांवर तर ‘राजा’च! नाशिक, जुन्नर हा मुलूख त्याच्या ताब्यात होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची कन्या दक्षमित्रा आणि जावई उषवदात यांच्या दानांचे लेख आहेत.

गौतमीपुत्र सातकर्णीने या सत्तेचा मोड केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे.

त्याच लेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. क्षहरातांचा त्याने उच्छेद केला, हे ती अभिमानाने सांगते. पण तेवढ्यावर थांबत नाही. आपला मुलगा प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होता, धर्माला धरूनच कर घेई आणि आईची सेवा करी, हेही ती आवर्जून नोंदविते. खरा ‘राज्याचा राखणदार’ कसा असावा, हे त्या माउलीने दगडावर लिहून ठेविले आहे.

पदवी लहान असो वा मोठी, देशाची असो वा आपल्या मंडळाची, ती मिरविण्याचा दागिना नव्हे. ती दुसऱ्यांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ‘क्षत्रप’ या शब्दातला इवलासा ‘प’ आपल्याला एवढेच सांगतो.