नक्षत्रांचे राज्य आणि कोठीचा हिशेब

आश्विन उतरणीला लागला की आमच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव, आणि सर्वांवर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज. हा क्रम माझ्या लहानपणापासून बदललेला नाही. गेल्या वर्षी मात्र माझ्या तेरा वर्षांच्या नातीने चिखलाचे हात धुतले, मला संगणकापुढे आणून बसवले आणि म्हणाली, "आजोबा, किल्ला झाला. आता साम्राज्य करू."

पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला साम्राज्याचे काय भय? मौर्यांपासून मोगलांपर्यंत कितीतरी साम्राज्ये मी उभारली आणि बुडवली, फळ्यावर, खडूने. खेळ होता 'मास्टर ऑफ ओरायन', 1993 सालचा. हिच्या बापाने कॉलेजात असताना रात्री जागून खेळलेला. पदरी एक ग्रह, त्यावर चार कोटी प्रजा, तीस कारखाने, दोन टेहळणीची जहाजे आणि एक वसाहतीचे जहाज. एवढ्या भांडवलावर आकाशगंगा जिंकावयाची. एक डाव म्हणजे एक वर्ष. मी लागलीच लढाऊ जहाजे बांधावयास घेतली. राजा म्हटला की सैन्य हवे, नाही का? साठसत्तर वर्षांनी शेजारच्या राज्याचे आरमार आले, तेव्हा माझी जहाजे संख्येने पुष्कळ होती. परंतु ती पणजोबांच्या काळची होती आणि त्यांची नातवंडांच्या काळातील तोफांशी गाठ पडली. मी हरलो. पुन्हा हरलो. चौथ्या खेपेस नातीने फक्त एवढेच विचारले, "आजोबा, तुम्ही कारखाने का नाही बांधत?"

हरलेल्या मास्तराने काय करावे? जे येते तेच. मी त्या खेळाचा इतिहास शोधावयास बसलो.

संगणकावर जहाजे उडवण्याची हौस जुनी आहे. 1962 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' हा खेळ पीडीपी-1 या यंत्रावर रचला. त्यात दोन जहाजे एका ताऱ्याभोवती घिरट्या घालीत एकमेकांवर मारा करीत. खेळ मोठा चतुर, पण ती नुसती झुंज होती. तिच्यात राज्य नव्हते, रयत नव्हती, महसूल नव्हता. साम्राज्याचे बीज संगणकावर नव्हे, तर पुठ्ठ्याच्या पटावर पडले. हॉवर्ड थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1974 साली 'स्टेलर कॉन्क्वेस्ट' हा पट काढला. त्यात तारे शोधावयाचे, माणसे नेऊन वसवावयाची, त्यांच्या उत्पन्नातून कारखाने आणि विद्या वाढवावयाच्या आणि मग शेजाऱ्याशी काय ते पाहावयाचे. सारीपाटावर कोणी जमाखर्चाची वही मांडावी तसा हा प्रकार! हिशेब करता करता खेळणाऱ्यांची पेन्सिल झिजत असणार. मग हा हिशेब यंत्राच्या गळ्यात का बांधू नये? 1983 साली ऑस्ट्रेलियातील रॉजर कीटिंग आणि इयन ट्राउट या दोघांनी 'रीच फॉर द स्टार्स' या नावाने नेमके तेच केले. आणि त्यानंतर दहा वर्षांनी टेक्सासमधल्या स्टीव्ह बार्सिया यांच्या छोट्या मंडळीने 'मास्टर ऑफ ओरायन' सिद्ध केला.

ओरायन म्हणजे आपले मृगनक्षत्र. लोकमान्यांचा याच नावाचा, वेदांच्या प्राचीनत्वाचा ग्रंथ 1893 सालचा, म्हणजे बरोबर शंभर वर्षे आधीचा. योगायोगापलीकडे त्यात काही नाही. पण मला तो सांगितल्यावाचून राहवेना.

या खेळाविषयी लिहिताना ॲलन एम्रिक या समीक्षकाने 1993 सालच्या सप्टेंबरात एका अमेरिकन मासिकात त्याचे सार चार क्रियापदांत सांगितले: शोधा, पसरा, पिकवा, संहारा. इंग्रजीत हे चारही शब्द 'एक्स'च्या उच्चाराने सुरू होतात, म्हणून या साऱ्या कुळाला 'फोर-एक्स' हे नाव पडले आणि आजतागायत चालू आहे. माझी चूक आता ध्यानात येईल. मी चौथ्या क्रियापदापासून सुरुवात केली होती.

एकदा हे कळल्यावर मी वही घेतली आणि पाचवा डाव मांडला. या खेळात प्रत्येक ग्रहाचे उत्पन्न पाच खात्यांत वाटून द्यावयाचे असते: जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. नवख्याची दृष्टी पहिल्या दोन खात्यांवर जाते, कारण त्यांची फळे डोळ्यांना दिसतात. जाणता मात्र आरंभीची वर्षे जवळजवळ सारा पैसा उद्योगात घालतो. आज उभारलेला कारखाना पुढल्या वर्षी उत्पन्न देतो, त्या उत्पन्नातून आणखी कारखाना, त्यातून आणखी. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती गोष्ट राजाला उशिरा समजली, तशीच मलाही. दहाव्या वर्षी बांधलेला कारखाना आणि चाळिसाव्या वर्षी बांधलेला कारखाना दिसावयास सारखेच, परंतु पहिल्याचे तोवर गोकुळ झालेले असते. मात्र कारखाने वाढले की घाणही वाढते. पर्यावरणाच्या खात्यात सफाईपुरते पैसे टाकले नाहीत, तर ग्रह नासतो आणि प्रजा घटते. 1993 सालच्या खेळात हे होते, याचे मला नवल वाटले.

प्रजेचे गणित तर याहून सूक्ष्म. ग्रहावर माणसे अगदी थोडी असली तर वाढ मंद. ग्रह काठोकाठ भरला तरी वाढ थांबते. अर्धा भरलेला असताना ती सर्वांत भरभर होते. म्हणून नवी वसाहत स्थापिली की तिला एकटी सोडून देऊ नये. मूळ ग्रह निम्म्याच्या वर गेला की तिकडची थोडी माणसे इकडे पाठवावी. तिथली जागा लवकर भरून येते आणि इथला संसारही मार्गी लागतो. मुलीला सासरी पाठवल्यावर आई पहिली दोन वर्षे लोणची-पापड धाडीत राहते, तोच हा व्यवहार.

टेहळणीची जहाजे सुरुवातीस खुशाल चार अधिक बांधावी. ती स्वस्त असतात, आणि कोणता तारा सुपीक व कोणता ओसाड हे शेजाऱ्याच्या आधी कळणे यासारखी दुसरी कमाई नाही. संशोधनाच्या सहाही शाखांना थोडे थोडे पण नित्य द्यावे. आणि शेजाऱ्यांशी, कितीही विचित्र दिसोत, तह व व्यापार ठेवावा. कारण या खेळात तलवार न उपसता जिंकण्याचीही एक वाट आहे: सर्व राज्यांची महासभा भरते, प्रजेच्या प्रमाणात मते पडतात, आणि दोनतृतीयांश मते मिळवील तो सम्राट. पाचव्या डावात मी काही सम्राट झालो नाही. परंतु जी राणी निवडून आली, तिला माझी मते हवी होती. गृहस्थाला एवढे पुरे.

येथे माझ्यातील मास्तर जागा झाला. 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, हे वाक्य मी वर्गात कितीदा छाती फुगवून सांगितले असेल! त्याच मोहिमेतून राघोबादादा परतले ते खजिन्यात भर घालून नव्हे, तर कर्जाचे ओझे घेऊन, हे वाक्य मात्र मी खालच्या आवाजात सांगत असे. कधी कधी तास संपत आलेला असे आणि ते राहूनही जाई. पुढे पानिपतावर काय झाले? तोफखाना होता, शौर्य तर काकणभर अधिकच होते. पण 1760 च्या डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, वाटा तुटल्या आणि 14 जानेवारी 1761 रोजी उपाशी फौज लढावयास बाहेर पडली. खेळाची बरोबरी इतक्या मोठ्या दुःखाशी करू नये हे मला समजते. परंतु त्या पडद्यावरचे पाच आकडे हलवताना मला जे उमगले, ते पस्तीस वर्षे बखरी आणि पत्रे वाचूनही इतके हातात आले नव्हते. सीमा नकाशावर पुढे सरकते ती दिसते. तिच्या मागून खर्चही सरकत असतो, तो दिसत नाही.

अलीकडच्या खेळांनी तर हा खर्च उघडच मांडला आहे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या मंडळीचा 'स्टेलॅरिस' 2016 साली आला. त्यात साम्राज्य जितके ऐसपैस, तितकी प्रत्येक नवी विद्या महाग. आणि आइसलंडमधल्या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा 2003 पासूनचा खेळ, ज्यात जगभरची हजारो माणसे एकाच आकाशात नांदतात, त्यातली एक हकीकत तर मी दोनदा वाचली. 27 जानेवारी 2014 रोजी एका मोठ्या संघाच्या ताब्यातील एका तारामंडळाचा ठरलेला हप्ता भरावयाचा राहून गेला. पैसे होते, पण आपोआप व्हावयाचा भरणा झाला नाही; चूक माणसाची की यंत्राची, यावर पुढे वाद झाला. ताबा सुटला, शत्रू धावून आला आणि सुमारे एकवीस तास रण माजले. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात गुंतले होते. 'टायटन' नावाची प्रचंड जहाजे, जी एकेक बांधावयास महिनेच्या महिने लागतात, ती पंचाहत्तर बुडाली. खऱ्या पैशांत हिशेब मांडला तर नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेले. आणि हे सारे एका हप्त्यापायी! आमच्याकडे विजेचे बिल वेळेवर भरण्याचे काम माझ्याकडे आहे. ही हकीकत मी घरात सर्वांना वाचून दाखवली.

आता एक गोष्ट सांगावयाची म्हणजे मन थोडे जड होते. या खेळात 'वसाहत' हा शब्द फार हसतमुखाने येतो. जुन्या 'ओरायन'मध्ये एक सोय आहे: शेजारची राज्ये सोडली तर ग्रह रिकामेच असतात. जाऊन वसावे, कोणाचे काही हिरावून घेतल्याचे पाप नाही. पण ज्या देशात एका व्यापारी कंपनीने राज्य केले आणि जिथे वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज बसले होते, तिथल्या म्हाताऱ्याला रिकामी जमीन ही कल्पना इतक्या सहज गिळवत नाही. आपलीही भूमी कोणाच्या तरी नकाशात अशीच एक सुपीक ठिपका होती.

'स्टेलॅरिस'मध्ये ही सोय राहिलेली नाही. तिथे काही ग्रहांवर आधीच माणसे असतात, म्हणजे माणसांसारखे कोणी. त्यांना अजून आकाशात उडता येत नसते. खेळणाऱ्याला मोकळीक असते. वर एक चौकी ठेवून त्यांना नुसते पाहत राहावे, विद्या द्यावी, किंवा फौज उतरवून ग्रह घ्यावा. नातीला असा एक ग्रह सापडला. शेतीच्या पायरीवरची वस्ती होती. ग्रह घेतला असता तर तिचे उत्पन्न पुष्कळ वाढले असते, आणि शेजारचा राजा त्यावर डोळा ठेवून होताच.

"घेऊ?" तिने विचारले.

मी नको म्हणालो. तिचे म्हणणे असे की, आपण नाही घेतला तर तो घेणार, आणि तो दुष्ट आहे. आपण निदान नीट वागवू. मी तिला सांगितले की, कलकत्त्यात बसलेले साहेबही अगदी हेच म्हणत असत. ती चिडली. "मग तुम्ही सांगा ना काय करायचे!" मला उत्तर येईना. पस्तीस वर्षे मी हा धडा शिकवला होता, पण निकाल माहीत असलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून. सुकाणू हातात असताना, शेजारी टपलेला असताना काय करावयाचे, हे मला कोणी विचारले नव्हते. शेवटी तिने चौकी बसवली, ग्रहाभोवती जहाजे उभी केली आणि त्या जहाजांच्या खर्चापायी तिचे संशोधन वीस वर्षे मागे पडले. तो डाव ती हरली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

यंदा तिनेच आपण होऊन किल्ल्याला हात घातला आहे. महाराज बसले, मावळे उभे राहिले, तोफाही लागल्या, आणि मग तिने कमरेवर हात ठेवून विचारले, "आजोबा, यात धान्य कुठे ठेवायचे?" मी तिला पन्हाळ्याच्या अंबरखान्याचे सांगितले, गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्यांचे. आता तीन आगपेट्यांवर माती लिंपून त्या कोठ्या झाल्या आहेत. गंगा कोठीत तिने खरोखरीचे तांदूळ भरले. काल रात्री उंदरांनी त्यांचा फडशा पाडला, म्हणून आज सकाळपासून यमुनेला दार बसवण्याचे काम चालू आहे.