न सरलेला सप्टेंबर

कोणतीही मंडळी लहान असते तोवर तिला नियम लिहून ठेवावे लागत नाहीत. नवा माणूस येतो, चार दिवस ऐकतो आणि वहिवाट शिकतो. परंतु शिकविणाऱ्यांहून शिकणारेच अधिक झाले म्हणजे काय घडते, याचा एक बोधप्रद इतिहास संगणकांच्या जगात घडून गेला आहे. आजच्या भाषणात त्याचा थोडक्यात परामर्श घेऊ.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी 'यूझनेट' या जाळ्याची कल्पना मांडली व पुढच्याच वर्षी ते सुरू झाले. या जाळ्याला राजधानी नव्हती. एका संगणकाने आपल्याकडील लेख टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्यास द्यावेत व त्याने ते पुढे धाडावेत, अशी ती व्यवस्था होती. विषयवार चर्चागट असत. पुढे मराठी भाषकांचाही एक गट तेथे होता. मात्र साऱ्या जाळ्याला अध्यक्ष नव्हता की कचेरी नव्हती. शिस्त होती ती बव्हंशी लोकलज्जेची.

दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि त्यांना हे जाळे खुले होई. मग तेच ते प्रश्न, तेच विषयांतर! कित्येक जुने सभासद त्यांचा उपहास करीत. काहींनी मात्र निराळा मार्ग धरला. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ती ते ठराविक मुदतीने प्रसिद्ध करू लागले. नवागतांच्या सूचनांसाठी एक व शंकांसाठी दुसरा, असे वेगळे गट निघाले. यूजीन स्पॅफर्ड यांनी कित्येक वर्षे या सूचनापत्रांची निगा राखली. पलीकडे यंत्र नसून माणूस आहे हे विसरू नये, हा त्यांतील आरंभीचाच उपदेश होता.

पुढे व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना हे दार उघडून दिले. १९९४ च्या मार्चमध्ये 'अमेरिका ऑनलाइन' ही मोठी कंपनी त्यांत आली आणि नवागतांचा ओघ बारमाही झाला. १९९३ चा सप्टेंबर सरलाच नाही, असे जुने सभासद म्हणू लागले. या उद्गारातील खेद खरा आहे. परंतु सारा दोष संख्येचा नव्हे. विद्यार्थ्याला विचारावयास वरच्या वर्गातला सोबती होता. घरबसल्या आलेल्या ग्राहकाला तसा कोणीच नव्हता.

हाच प्रश्न पुढे 'मॅस्टोडॉन' या जाळ्यापुढे उभा राहिला. जर्मनीतील यूजेन रोच्को यांनी २०१६ साली ते सुरू केले. २०२२ च्या अखेरीस 'ट्विटर'ची मालकी बदलताच तेथे लोकांची रीघ लागली. परंतु अनेक केंद्रांपैकी कोणते निवडावे, या पहिल्याच प्रश्नाशी पुष्कळजण अडखळले. म्हणून २०२३ च्या मेमध्ये चालकांनी आपले मुख्य केंद्रच नवागतांपुढे प्रथम ठेवले. अन्य केंद्र निवडण्याची मुभा कायम राहिली. अशाने सत्ता एका ठिकाणी एकवटेल, हा काही जुन्यांचा आक्षेपही उपेक्षणीय नव्हता.

ज्या मंडळीला धनी नाही, तिच्यात आलेल्याची विचारपूस करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते. ते आपण होऊन पत्करणारे चारजण असले, तरच तेथे उद्याचे जुने सभासद तयार होतात.